सान जोर्जो माज्जोरेचं तैलचित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेनिसच्या सान मार्को चौकालगतच्या धक्क्यावरून पाण्यापलीकडे पाहिलं की समोरच्या बेटावर पांढऱ्या दर्शनी भागाचं आणि विटांच्या मनोऱ्याचं एक चर्च दिसतं. तेच सान जोर्जो माज्जोरे. युरोप टूर करून आलेली मंडळी मोबाइलमधला फोटो दाखवत ‘हे ऑइलमध्ये करायचंय’ म्हणत चित्रकलेच्या वर्गात येतात. काहींच्या हातात अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो याच्या चित्राची प्रिंट असते. दोघांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एका जागी आणले आहेत.

हे चर्च कोणी बांधलं? किती जुनं आहे?

बेटावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ 982 पासून आहे. आज दिसतं ते चर्च आंद्रेआ पाल्लादिओ या वास्तुकाराचं. काम 1566 मध्ये सुरू झालं, 1580 मध्ये पाल्लादिओ वारला आणि दर्शनी भाग पुरा व्हायला 1610 उजाडलं. ज्या दर्शनी भागासाठी आपण त्याचं नाव घेतो, तो उभा राहिलेला त्याने पाहिलाच नाही. गडी मूळचा पाथरवट, दगडकामातून वर आलेला. त्याच्या इमारती रेखाटताना हे लक्षात ठेवलं तर बरं, कारण त्याच्याकडे प्रत्येक उठाव, प्रत्येक खाच हिशोबाने आलेली असते.

दर्शनी भाग काढायला एवढा अवघड का जातो?

कारण तो एक नाही, दोन आहेत. चर्चचा मधला भाग उंच असतो आणि दोन्ही बाजूंच्या ओवऱ्या बुटक्या. रेनेसान्सच्या वास्तुकारांना तर दर्शनी भाग रोमन देवळासारखा हवा होता: खांब आणि वर त्रिकोणी माथा. अशा अंगाला एकच त्रिकोण बसत नाही. उंच धरला तर ओवऱ्यांवर हवा राहते, बुटका धरला तर मधला भाग डोकं बाहेर काढतो. पाल्लादिओने दोन देवळं एकात एक बसवली. पुढे चार उंच अर्धस्तंभांचं (भिंतीत अर्धे बुडालेले खांब), अरुंद. त्याच्या मागून दोन्ही बाजूंना डोकावणारं दुसरं, बुटकं आणि रुंद. त्याच्या तिरक्या कडा दोन्हीकडून उंच खांबांपर्यंत चढत येतात आणि मध्येच तुटल्यासारख्या थांबतात.

नवशिके नेमकं इथेच फसतात. बाजूचे दोन तिरके तुकडे ते दोन स्वतंत्र आकार म्हणून काढतात आणि त्यांचा उतार एकमेकांशी जुळत नाही. उपाय सोपा आहे. आधी मागचं रुंद देऊळ पेन्सिलने संपूर्ण काढा, खांबांच्या आड जाणाऱ्या रेषांसकट. मग त्यावर पुढचं उंच देऊळ काढा. नको त्या रेषा नंतर पुसा. दहा मिनिटं जास्त जातात, पण पुढे आठवडाभर ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून कॅनव्हाससमोर डोकं खाजवावं लागत नाही.

अजून एक. उंच खांब जमिनीवरून उठत नाहीत, ते बऱ्यापैकी उंच चौथऱ्यांवर उभे आहेत. चौथरे विसरले की खांब जाड दिसतात आणि सगळी इमारत खाली दबते.

कानालेत्तोचं नेमकं कोणतं चित्र पाहावं?

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधलं ‘बाचिनो दी सान मार्को’. साधारण 1738 चं, दोन मीटरहून थोडं जास्त रुंद. सबंध खाडी, असंख्य जहाजं, वर मोठं आकाश आणि त्यात सान जोर्जो. माझ्या मते त्याचं हेच सर्वांत मोकळं चित्र आहे. पुढच्या काळातली बरीच कामं गिऱ्हाइकाच्या मागणीने हात यंत्रासारखा चालल्याची वाटतात.

गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज. शिक्षण पुरं करायला म्हणून इटलीत फिरायला येणारे तिथले श्रीमंत तरुण आठवण म्हणून व्हेनिसची दृश्यं घेऊन जात. व्हेनिसमध्ये राहणारा जोसेफ स्मिथ हा व्यापारी कानालेत्तोला कामं मिळवून देई. पुढे तो तिथे ब्रिटिश कॉन्सल झाला. 1762 मध्ये त्याचा संग्रह इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने विकत घेतला, म्हणून आज इतके कानालेत्तो तिथल्या राजघराण्याकडे आहेत.

ती चित्रं हुबेहूब आहेत ना?

नाहीत, आणि हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. बॉस्टनच्या चित्रातला विस्तार उघड्या डोळ्यांना एका नजरेत मावतच नाही. मान फिरवावी लागते, जागा बदलावी लागते. कानालेत्तोने एकाहून अधिक ठिकाणांहून पाहिलेलं एका कॅनव्हासवर असं जोडलं की सांधा दिसत नाही. त्याचा बाप नाटकांचे पडदे रंगवणारा होता आणि तोही सुरुवातीला त्याच धंद्यात होता. खोली कशी भासवायची हे त्याला हाडीमासी ठाऊक होतं.

कधी कधी तर तो सरळ कल्पनेतलं व्हेनिस रंगवी. व्हेनिसच्या रिआल्तो पुलाच्या जागी पाल्लादिओने सुचवलेला पण कधीच न बांधलेला पूल दाखवणारं त्याचं चित्र आहे. बघणाऱ्याला खोटं वाटू नये इतकं ते दगडादगडाने खरं आहे.

तेव्हा वास्तववादी म्हणजे जसंच्या तसं, हा हट्ट सोडा. कुठे सूट घ्यायची आणि कुठे एक इंचही नाही, हे ठरवणं हेच या कामातलं मुख्य कसब. बेटाचं अंतर, जहाजांची जागा, ढग ही सगळी सूट. दर्शनी भागाचं प्रमाण, खांबांची संख्या, मनोरा आणि घुमट यांचं एकमेकांशी नातं, इथे तडजोड नाही. कानालेत्तोनेही सूट घेतली ती जागा मांडताना. दगडाच्या बाबतीत त्याची नजर करडीच राहिली.

मग तज्ज्ञ अशा चित्रांना पुरावा कसे मानतात?

त्या करड्या नजरेमुळेच. याची दोन उदाहरणं सांगतो, मला ती फार आवडतात.

पहिलं मनोऱ्याचं. सान जोर्जोचा जुना मनोरा 1774 मध्ये कोसळला आणि आजचा 1791 मध्ये उभा राहिला. जुन्याच्या माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट होता, आजच्यावर टोकदार शेंडा आहे. फ्रांचेस्को ग्वार्दी या व्हेनिसच्याच चित्रकाराने हे बेट पुन्हा पुन्हा रंगवलं, पण तारखा क्वचितच घातल्या. मनोरा कांदेवाला असेल तर चित्रातलं दृश्य 1774 पूर्वीचं, शेंडीवाला असेल तर 1791 नंतरचं. चित्राचा काळ ठरवताना अभ्यासक आधी तिथेच बघतात. ग्वार्दीचा हात कानालेत्तोच्या मानाने कितीतरी सैल, सगळं थरथरतं, पाणी आणि हवा एकमेकांत मिसळलेली. तरीही मनोऱ्याचा माथा तेवढा तो नीट सांगतो.

दुसरं पाण्याचं. व्हेनिसच्या भिंतींवर भरतीची रेघ असते. तिच्या खाली शेवाळ धरतं, हिरवट-तपकिरी. कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेल्लोत्तो यांनी ती रेघ राजवाड्यांच्या पायऱ्यांवर, दारांवर इमाने-इतबारे रंगवली. दारिओ कामुफ्फो या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रांतली रेघ आणि आजची रेघ यांची तुलना केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पाणी साधारण 60 सेंटीमीटर वर आल्याचा अंदाज त्यातून निघाला. काही समुद्र चढला, काही शहर खचलं. शेवाळाचा पट्टा रंगवणाऱ्याच्या मनात यातलं काहीच नव्हतं. त्याला ओली भिंत ओली दाखवायची होती, एवढंच.

मी मनोरा जुना दाखवू की आजचा?

फोटोवरून करत असाल तर आजचा. अठराव्या शतकातले पोशाख आणि शिडाची जहाजं घालणार असाल तर कांदेवाला. घोळ नको. हौशी चित्रांत जरीची टोपी घातलेले सरदार, शिडं आणि मागे 1791 चा शेंडा असं हमखास दिसतं. बघणाऱ्यांत एखादा जाणकार निघाला की चित्राची अब्रू गेली.

कानालेत्तो कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचा म्हणे. ही फसवणूक नव्हे का?

भिंगातून आलेली प्रतिमा काचेवर किंवा कागदावर पाडणारी ती पेटी असे. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात त्याचं नाव कोरलेली एक पेटी ठेवलेली आहे. त्याची रेखाटनांची वहीही व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात जपली आहे. त्यात इमारतींच्या ओळी पानामागून पान चालत जातात, मध्येच रंगाची, सामानाची टिपणं. पेटी किती वापरली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण कॅनव्हासवर पट्टी आणि कंपासने कोरलेल्या रेषा त्याच्या चित्रांत सापडतात. कमान काढायची तर कंपास रोवायचा, लाज कसली? जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत शिकलेल्या कुणालाही विचारा. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ज्या शिस्तीत तयार झाले त्या शिस्तीत मोजमाप हा कमीपणा नव्हता.

मोबाइलच्या फोटोवरून केलं तर चालेल?

चालेल, पण तीन गोष्टी सुधारून घ्या. मोबाइल वर तिरका धरलेला असतो, त्यामुळे मनोरा आणि खांब वरच्या बाजूला आत झुकतात. उभ्या रेषा उभ्याच ठेवा, त्यासाठी हातात ओळंबा असला तरी हरकत नाही. दुसरं, रुंद भिंगाने बेट लांब आणि चिमुकलं होतं, ते थोडं जवळ आणा. तिसरं, फोटोत सावल्या काळ्याठिक्कर पडतात. खऱ्या सावलीत रंग असतो.

शक्य असेल तर दुपारनंतरचा फोटो निवडा. दर्शनी भागाचं तोंड साधारण वायव्येला आहे. सकाळी तो सावलीत असतो आणि मागून उजेड येतो. तसंही चित्र चांगलं होतं, पण ते आकृतीचं चित्र होतं, दगडाचं नाही.

दगड पांढरा आहे, मग ट्यूबमधला पांढरा लावला तरी चित्र खडूसारखं का दिसतं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दर्शनी भाग इस्त्रियाच्या दगडाचा आहे, एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा दाट चुनखडक. सरळ ट्यूबमधला टायटेनियम व्हाइट लावला की तो निळसर, थंड आणि सपाट पडतो. उन्हातल्या भागासाठी व्हाइटमध्ये चिमूटभर यलो ऑकर आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना. सावलीसाठी व्हाइट, अल्ट्रामरीन आणि रॉ अंबर, उन्हाच्या भागापेक्षा स्पष्टपणे गडद. निर्मळ पांढरा फक्त दोन-चार ठिकाणी राखून ठेवा: खांबाच्या उन्हाकडच्या कडेवर, कोनाड्यातल्या पुतळ्याच्या खांद्यावर.

आता डागांकडे बघा, कारण इथे आपली सवय आड येते. आपल्याकडे चुन्याच्या भिंतीवर पावसाचा ओघळ उतरतो तिथे ती काळी पडते. इस्त्रियाच्या दगडाचं उलट आहे. जिथे पाऊस धुऊन जातो तो भाग पांढरा राहतो, आणि जिथे पाऊस पोचत नाही तिथे, छज्जाच्या खाली, खांबाच्या माथ्यावरच्या नक्षीच्या आत, काजळी साचून काळी खपली धरते. त्यामुळे काळं वरून खाली ओघळत नाही, ते आडोशाला बसलेलं असतं. नक्षीच्या वरच्या कडा उजळ, पोटं काळी. हे एकदा कळलं की खांबाचं डोकं चार-पाच फटकाऱ्यांत उभं राहतं. आणि कळलं नाही तर चर्च व्हेनिसचं आणि डाग दादरच्या चाळीचे, असा प्रकार होतो.

बाजूच्या भिंती आणि मनोरा विटांचे आहेत, घुमट शिशाच्या पत्र्याचा करडा. पांढऱ्याला उठाव येतो तो या विटकरी आणि करड्या रंगांमुळे. म्हणून विटा आधी रंगवा, दगड नंतर. कॅनव्हासला सुरुवातीलाच एक मातकट पातळ वॉश दिला तर पांढरा किती पांढरा हे ठरवणं सोपं जातं. कानालेत्तोचे सुरुवातीचे कॅनव्हासही तांबूस-तपकिरी अस्तराचे होते, पुढे तो फिक्या अस्तराकडे वळला.

आकाशासाठी कोणता निळा?

कानालेत्तोने प्रशियन ब्लू वापरला, तेव्हा तो बाजारात नवाच आलेला रंग होता. जपून वापरा, बोटाएवढा घेतला तरी सगळी पॅलेट निळी करतो. अल्ट्रामरीन अधिक समजूतदार.

पाणी जमत नाही. काय करू?

आधी ते कमी करा. सगळीकडे लाटा काढू नका. कानालेत्तोच्या उत्तरकाळातल्या पाण्यावर त्याच त्या छोट्या वळणदार रेघा रबरी शिक्क्याने उठवल्यासारख्या दिसतात. त्या नक्कल करायला सोप्या आहेत, म्हणूनच टाळा. खाडीतल्या पाण्यात चर्चचं स्वच्छ प्रतिबिंब क्वचितच मिळतं, होड्यांची ये-जा सारखी चालू असते. पांढऱ्या दगडाचा उजेड उभ्या तुटक पट्ट्यांनी खाली उतरवा, पाण्याच्या हिरवट रंगात थोडा मळवून. आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळाचा पट्टा विसरू नका. तो नसला तर बेट पाण्यावर तरंगतं.

माणसं किती बारकाईने काढावीत?

अजिबात नाही. कानालेत्तोची माणसं भिंगातून पाहा: एक ठिपका डोकं, स्वल्पविरामासारखा एक फटकारा म्हणजे अंगरखा, उजेडाच्या बाजूला पांढऱ्याचा कण. झाला माणूस.

मोनेनेही हे चर्च रंगवलंय ना?

हो, क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने, 1908 मध्ये. त्यातलं संध्याकाळचं एक चित्र कार्डिफच्या संग्रहालयात आहे. ते वास्तववादी नाही, तिथे चर्च म्हणजे पेटलेल्या आकाशापुढची निळसर आकृती. तुलना म्हणून जरूर पाहा. गंमत म्हणजे मोने गेला तेव्हा पलीकडच्या काठावर सान मार्कोचा प्रसिद्ध मनोराच धड नव्हता. तो 1902 मध्ये कोसळला होता आणि नवा 1912 मध्ये पुरा झाला.

चर्चच्या आत बघण्यासारखं काय आहे?

व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तो याचं ‘शेवटचं भोजन’, 1592 ते 1594 दरम्यानचं, वेदीजवळच्या भिंतीवर. टेबल तिरकं आत जातं आणि दिव्याच्या धुरातून देवदूत निघतात. चर्चचा अंतर्भाग रंगवायचा विचार असेल तर त्यातला काळोख शिकण्यासारखा आहे.

शेजारच्या मठाची भोजनशाळाही पाल्लादिओची. तिथे वेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावची मेजवानी’ लावलेलं दिसेल, जवळजवळ दहा मीटर रुंद. ते 1563 चं मूळ चित्र नव्हे. मूळ चित्र नेपोलियनच्या सैन्याने 1797 मध्ये उतरवून पॅरिसला नेलं, ते आज लूव्रमध्ये मोनालिसाच्या समोर आहे आणि मोनालिसाच्या गर्दीची पाठ त्याच्याकडे असते. भोजनशाळेत 2007 मध्ये डिजिटल मोजणीवरून तयार केलेली प्रतिकृती बसवली आहे. ज्या खिडक्यांच्या उजेडासाठी चित्र आखलं होतं त्या उजेडात ते बघायचं असेल, तर नक्कल बघायला लागते.

व्हेनिसला जाणं शक्य नाही. सरावासाठी जवळ काही?

जुनं गोवं. से कॅथेड्रलचं काम 1562 मध्ये सुरू झालं, म्हणजे सान जोर्जोच्या चारच वर्षं आधी, आणि 1619 मध्ये इमारत पुरी झाली. दर्शनी भाग पोर्तुगीज वळणाचा, पण खांब, कोनाडे, माथा यांची भाषा रेनेसान्सचीच. आणि योगायोग असा की तिचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, सान जोर्जोनंतर दोन वर्षांनी. व्हेनिसने मनोरा परत बांधला, गोव्यात तो तसाच राहिला. एका बाजूला मनोरा, दुसऱ्या बाजूला रिकामं आकाश, ही रचना चित्राला फार उपयोगाची आहे. पुष्कळजण समतोल साधायला दुसरीकडे माड उभा करतात. करू नका, ती जागा रिकामीच बोलते.

समोरच्या बॉम जेझूवर दगडाचा सराव करा. 1594 ते 1605 मधली इमारत, तिचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढला, त्यामुळे जांभा उघडा पडला आहे. सकाळी एक पांढरी भिंत आणि दुपारी एक तांबडी, एका दिवसात दोन्ही धडे होतात. पिशवीत टोपी आणि पाणी असू द्या, आणि ईझल दाराच्या वाटेत लावू नका, तिथे रोज लोक प्रार्थनेला येतात.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तैलरंग वाळतच नाहीत. बुरशीही येते.

जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाणी उडून नव्हे. म्हणून ओल्या, गार, कोंदट खोलीत वेळ लागतोच. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ ठेवा, तेल वरच्या थरांत. उलटं केलंत तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून वारा खेळू द्या. पंखा पुरेसा असतो. हेअर ड्रायर नको. वार्निश सहा महिन्यांनंतर, रंग जाड असेल तर वर्षाने.

कानालेत्तोची नक्कल करून विकता येईल का?

कानालेत्तो 1768 मध्ये वारला. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, तेव्हा त्या बाजूने अडचण नाही. ज्या फोटोवरून नक्कल करता त्याच्या वापराच्या अटी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. मागच्या बाजूला ‘कानालेत्तोच्या चित्रावरून’ असं आणि वर्ष लिहा. सही पुढे तुमचीच करा.